नाव लावायचं ते खरं

सातारा, यादोगोपाळ पेठ,
ता. ११ जानेवारी १९४६

ती. वन्सं यांस,

शरयूचा नमस्कार. मी आणि हरी दोघंही खुशाल आहोत. तुमची खुशाली विचारायचा माझा हक्क संपला असं तुमच्या घराचं म्हणणं आहे, तरी विचारते. गुडघा कसा आहे? थंडीत तो धरतो, आणि तुमच्या मोरीतली फरशी फार गार असते, हे मी विसरलेले नाही.

हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. तुमच्या घरी आलेलं पत्र आधी तुमचे बंधू वाचतात आणि मग तुमच्या हाती पडतं. त्यांना फोडायचे श्रम नकोत. त्यांनाही नमस्कार.

संक्रांत तोंडावर आली. इथे रेशनची साखर चहालाच पुरत नाही, तेव्हा तिळाचे लाडू गुळाचेच. हरीचा समोरचा दात पडला आहे, म्हणून त्याच्यासाठी तीळ कुटून घातले. तो पहिलीत बसतो. मी ज्या मुलींच्या शाळेत शिकवते तिच्या शेजारीच मुलांची शाळा आहे. सकाळी बरोबर जातो. दुपारी तो आधी सुटतो, तेव्हा माझी शाळा सुटेपर्यंत खालच्या बिऱ्हाडातली बनुबाई त्याला सांभाळते. बनुबाई माण तालुक्यातली धनगर. दुष्काळात मेंढरं गेली, नवरा मुंबईला गिरणीत गेला, आणि ती दोन म्हशी घेऊन साताऱ्याला आली. आमच्या आळीतल्या सगळ्या घरांना तिचंच दूध. हरी आता अर्धा वेळ तिच्यासारखा बोलतो. परवा मला म्हणाला, "आई, तुला कवा कळणार?"

आता मुद्द्याचं.

जिल्हा कोर्टाची नोटीस आली आहे. तुमच्या बंधूंनी अर्ज केला आहे की हरी हा माझा औरस मुलगा, मी त्याचा बाप, म्हणून त्याचा ताबा मला मिळावा. नोटीस मी उभ्याने वाचली, मग खाली बसून पुन्हा वाचली. शेवटी मला हसू आलं. बनुबाई वर येऊन बघून गेली, बाईला काय झालं म्हणून.

तुम्हांला सगळं माहीत आहे, पण लिहून काढलं की मला नीट दिसतं. लढाई सुरू झाली त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी मला दिवस गेलेले असताना माहेरी पोचवलं आणि मागून कळवलं की हे मूल आपलं नाही, आपण तेव्हा महिनोन् महिने पुण्याला होतो. कारण मला पुढे कळलं. पुण्यात ज्यांच्या अडतीवर ते कामाला होते त्यांची मुलगी पद्मा उजवायची होती, आणि नांदत्या सवतीवर ते लोक मुलगी देणार नव्हते. हाकललेल्या सवतीवर दिली. बाबा होते तोवर मी गप्प राहिले. ते गेल्यावर, एक्केचाळीस साली, मी पोटगीचा अर्ज केला. तुमच्या बंधूंनी शपथेवर सांगितलं की मूल माझं नाही. साक्षी झाल्या. कोणाच्या झाल्या ते लिहीत नाही. मॅजिस्ट्रेटनी माझा अर्ज फेटाळला.

आणि आता पद्माला मूल नाही. संस्थानानं तुमच्या आजोबांना दिलेल्या इनामाला वारस लागतो, नाही तर ते खालसा होतं. तेव्हा हरी त्यांचा झाला.

अर्जात लिहिलं आहे की सांगलीला मुलाचं संगोपन त्याची आत्या करील. म्हणजे तुम्ही. तुम्हांला साक्षीला आणणार आहेत. म्हणून हे पत्र. मी तुम्हांला खरं बोला असं सांगणार नाही आणि खोटं बोलू नका असंही सांगणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त प्रश्न विचारणार आहे, हे आधी कळवलं म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की शरयूनं गाफील धरलं.

तिळगूळ पाठवत नाही. गोड बोलायची या वर्षी माझी तयारी नाही.

शरयू


सातारा,
ता. २४ फेब्रुवारी १९४६

ती. वन्सं यांस नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. तुम्हांला पोस्टाचं पाकीट कोण आणून देणार?

मी विष्णुपंतांकडे गेले होते. बाबांचे मित्र, तुम्ही त्यांना माझ्या लग्नात पाहिलं आहे, पगडीवाले. एवढे मोठे वकील, पण मला पाहिल्यावर आतून स्वतः पाट घेऊन आले. सगळे कागद त्यांनी वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाले,

"शरयू, हा खटला तू जिंकलेलाच आहेस."

"कसा?"

"मागच्या वेळी मॅजिस्ट्रेटनं ठरवलं आहे की मूल त्यांचं नाही. आता आपण एवढंच म्हणायचं, की बरोबर ठरवलं. मूल त्यांचं नाही म्हटल्यावर बाप म्हणून त्यांना तोंडच उरत नाही. अनौरस मुलाचा ताबा आईकडे. एका तारखेत निकाल."

मी विचारलं, "म्हणजे मूल माझ्याकडे राहील."

"राहील."

"कोण म्हणून राहील?"

ते कागद आवरायला लागले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "पोरी, कायद्यात औरस मुलाचा नैसर्गिक पालक बाप. तू हरी त्यांचा आहे असं म्हणालीस की तो त्यांच्याकडे जाणार. त्यांचा नाही म्हणालीस की तुझ्याकडे राहणार. दोन्ही हातांत लाडू नाही मिळत."

वन्सं, मी त्या पाटावर बसून विचार केला, नाही असं नाही. एक वाक्य बोलायचं होतं, तेही त्यांनीच आधी बोलून ठेवलेलं. मूल घरी राहिलं असतं. आणि उद्या हरी दहा वर्षांचा झाला, पंधराचा झाला, की त्याच्या तोंडावर कोणीतरी कोर्टाचा निकाल वाचून दाखवला असता, आणि त्याखाली त्याच्या आईची कबुली.

मी म्हटलं, "काका, मुलगा त्यांचा आहे आणि तो माझ्याकडे राहील. मला दोन्ही म्हणायचं आहे."

"मग हरशील. आणि तुला हरवायला मी उभा राहणार नाही. तुझ्या बापाला वर जाऊन काय सांगू?"

मी उठले. दारात त्यांनी मला थांबवलं. आत जाऊन पालक आणि पाल्य यांच्या कायद्याचं पुस्तक आणलं आणि हातावर ठेवलं. "वाचून बघ," म्हणाले, "आणि मग शहाणी हो."

वाचलं. इंग्रजी माझं बेताचं, पण शाळेतल्या मोठ्या बाईंनी मदत केली. त्यात बापाचा हक्क मोठा आहे खरा. पण एके जागी असंही आहे की मुलाला कोणाच्या हवाली करताना कोर्टानं त्याचं कल्याण पाहायचं. एवढाच शब्द मला मिळाला आहे. त्याच्यावर मी उभी राहणार. माझी वकील मीच.

बनुबाईला हे पटलेलं नाही. ती म्हणते, "आवं बाई, त्या सरकारी कोरटात काय जातायसा? आमच्या गावाकडं न्या की परकरण. तितं पंच बसत्यात, निकाल झटक्यात लागतुया, आन् ऐकला न्हाई तर पाय सडकून काढत्यात." मी तिला सांगितलं की तुमच्या बंधूंचे पाय मला नकोत. मला शिक्क्याचा कागद हवा. हरीला शाळेत घालताना बापाच्या नावाच्या रकान्यापाशी मास्तरांनी टाक वर धरून ठेवला होता आणि माझ्याकडे पाहत राहिले होते. मी नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी लिहिलं, पण पेन्सिलीनं.

आणि शिवाय सांगली हे संस्थान. हरीला एकदा तिकडे नेला की साताऱ्याच्या कोर्टाचा हुकूम तिथे चालवायचा म्हणजे आणखी किती दारं, किती वर्षं. हे त्यांच्या वकिलाला ठाऊक आहे, आणि आता मलाही.

तुमचे बंधू मागच्या रविवारी इथे येऊन गेले. पाणी दिलं. मुलाला पाहिलं. गेले.

हे पत्रही उघडंच टाकते आहे. विष्णुपंत म्हणतात असं आपलं म्हणणं शत्रूला कळवू नये. मला लपवण्यासारखं काही नाही. मी काय म्हणणार आहे ते त्यांना आधी कळलं तरी ते खोटं होत नाही.

गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधा.

शरयू


सातारा,
ता. १९ एप्रिल १९४६

ती. वन्सं यांस शि. सा. नमस्कार.

हे पत्र वाईला तुमच्या दिरांच्या पत्त्यावर टाकते आहे. या वेळी नीट चिकटवलं आहे. तुम्ही वाईला आहात हे बनुबाईकडून कळलं. तिनं तुम्हांला कोर्टाच्या आवारात झाडाखाली एकट्या बसलेल्या पाहिलं. तुमच्या बंधूंचा टांगा तुम्हांला न घेता गेला. ती तुमच्यापाशी आली, तुम्हांला दूध दिलं, ते तुम्ही घेतलं नाही, आणि वाईच्या मोटारीचा थांबा विचारलात. मी बाहेर येईपर्यंत तुम्ही गेला होता.

आत काय झालं ते तुम्हांला ठाऊक नाही. साक्षीदार म्हणून तुम्हांला हाक येईपर्यंत बाहेर बसवलं होतं. ते तुम्हांला कळायला हवं. तुमच्याविषयी जे बोललं गेलं ते तुमच्या पाठीमागे बोललं गेलं.

सुरुवातीला जज्जसाहेबांनी विचारलं, "तुमचे वकील कोण?" मी म्हटलं, "मीच." शिरस्तेदार म्हणाले, "वकीलपत्र?" मी विचारलं, "माझं मलाच लिहून द्यावं लागतं का?" लोक हसले. साहेब हसले नाहीत. पण मला खुर्ची द्यायला सांगितली आणि मी मराठीत बोलले तर चालेल म्हणाले. मग नवऱ्याचं नाव विचारलं. मागच्या वेळी मी ते दुसऱ्याकडून सांगवलं होतं. या वेळी सरळ घेतलं, गोपाळकृष्ण केशव लिमये. माझ्या तोंडून ते उखाण्यावाचून पहिल्यांदा निघालं, आणि काही झालं नाही. छप्पर होतं तिथंच राहिलं.

मग तुमचे बंधू पिंजऱ्यात उभे राहिले. अंगावर नवा कोट होता. त्यांच्या वकिलानं त्यांच्याकडून सगळं छान वदवून घेतलं. मुलाची ओढ, घर, विहीर, मुंज, वेदपाठ. माझ्याकडे मूल धनगराच्या दारात वाढतं, त्याचे उच्चार बिघडले, वगैरे. मग माझी पाळी आली. वर्गात पहिल्या दिवशी राहिले होते तशी मी टेबलाला हात लावून उभी राहिले.

"हरी तुमचा मुलगा आहे?"

"आहे."

"केव्हापासून?"

ते म्हणाले, "म्हणजे?"

"एक्केचाळीस साली तुम्ही शपथेवर सांगितलं की तो तुमचा नाही. आता शपथेवर सांगता की आहे. मधे काय झालं?"

ते वकिलाकडे पाहायला लागले. मग म्हणाले, "त्या वेळी माझी दिशाभूल झाली."

"कोणी केली?"

"घरातल्या माणसांनी."

"नावं सांगा."

"आई होती. ती आता हयात नाही. आणि बहीण. तिनंच माझे कान भरले."

वन्सं, मी लिहायचं थांबून पाणी पिऊन आले. तुम्हांला हे कागदावर वाचावं लागतंय. पण त्यांनी हे भर कोर्टात म्हटलं, तुम्ही भिंतीपलीकडे त्यांच्याच बाजूच्या साक्षीला बसलेल्या असताना.

मी विचारलं, "बहिणीनं काय सांगितलं?"

"की शरयूची वागणूक बरी नाही. मूल माझं असणं शक्य नाही."

"मला दिवस गेले त्या भाद्रपदात तुम्ही सांगलीला होता की पुण्याला, हेही तुम्हांला बहिणीनंच सांगितलं?"

त्यांनी पुन्हा वकिलाकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं, "आपण स्वतः कुठे होतो हे माणसाला बहिणीला विचारावं लागतं का?"

या वेळी लोक हसले नाहीत. साहेब लिहीत राहिले. त्यांच्या वकिलानं उठून सांगितलं की अर्जदाराचा सालाचा घोटाळा झाला, पुण्याहून ये-जा असायची, तारखा कोणाला आठवतात. साहेब म्हणाले, बहिणीला विचारू.

मधे बनुबाईची साक्ष झाली. वकिलानं तिला विचारलं, ब्राह्मणाचं मूल तुझ्या घरी काय खातं? ती म्हणाली, "भाकर खातंय, दूध पितंय. त्याचा बाप न्हवता तवा बी खात हुतं." वकील म्हणाला, एवढंच सांग, मूल तुझ्याकडे असतं की नाही? ती म्हणाली, "असतंय की. पोर दारात आल्यावर जात इचारून भाकर वाढायची व्हय?" साहेबांनी तिला जायला सांगितलं, पण हळू आवाजात.

मग तुम्हांला हाक मारली.

पुढचं तुम्ही तिथेच होता. पण तुमची मान खाली होती, म्हणून जे मी पाहिलं ते सांगते. वकिलानं माझं पहिलं पत्र वर धरलं आणि म्हणाला, ही बाई साक्षीदाराला फितवते आहे. साहेबांनी ते मागून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. मोरीतली फरशी, हरीचा दात, सगळं. "तुमचं तुम्ही ठरवा" इथे आल्यावर ते थांबले, पत्र घडी करून वकिलाला परत दिलं आणि म्हणाले, "यात फितवण्यासारखं मला काही दिसत नाही. तुम्हांला दिसतं का?" वकील खाली बसला.

मी तुम्हांला वन्सं म्हटलं, तर साक्षीदाराला नावानं बोला असं मला बजावलं गेलं. मग मी तुमचं नाव घेतलं. द्वारकाबाई. मोठ्या नणंदेचं नाव घेतलं, आणि तुम्ही चटकन वर पाहिलंत.

मी एकच प्रश्न ठरवून आले होते. "लढाई सुरू झाली त्या वर्षी घरच्या गणपतीची पूजा कोणी केली?"

तुम्ही पुन्हा मान खाली घातलीत. तुमचे बंधू पुढच्या बाकावरून तुमच्याकडे पाहत होते. ती नजर मला ठाऊक आहे. त्या नजरेखाली मी त्या घरात तीन वर्षं जेवले. मला वाटलं, आता तुम्ही आठवत नाही म्हणणार. मी तुम्हांला दोष दिला नसता, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दिला असता.

मग साहेबांनी तुम्हांला समजावलं, की उत्तर द्यावंच लागेल, पण द्यावं लागलेल्या उत्तरावरून तुमच्यावर पुढे खटला होणार नाही. तुम्ही विचारलंत, "नक्की?" ते म्हणाले, "नक्की."

"गोपाळनं केली," तुम्ही म्हणालात. "पाची दिवस तो घरात होता. विसर्जनालाही तोच गेला."

मी विचारलं, "मग मागच्या वेळी कोर्टात तुम्ही तो पुण्याला होता असं का सांगितलंत?"

बघा, मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं कोणाच्या साक्षी झाल्या. दुसऱ्यातही नाही. तुमच्या तोंडून ते ऐकेपर्यंत मला ते लिहवत नव्हतं. एक्केचाळीस साली मी तुमच्यासमोरच बसले होते. तुम्ही माझ्या डोहाळ्यांत मला चोरून चिंचा आणून देणाऱ्या. आणि तुम्ही हात वर करून सांगितलंत की भाऊ महिनोन् महिने घरी आलाच नाही.

तुम्ही म्हणालात, "त्यानं सांगितलं तसं बोलले. मला दुसरं घर नव्हतं." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "आताही नाही."

साहेबांचा टाक थांबला होता. ते तुम्ही पाहिलं नाहीत. मला आणखी दोन प्रश्न विचारता आले असते. विचारले नाहीत.

आता एक गोष्ट, जी मागच्या पत्रात लिहिली नाही, कारण ते पत्र त्यांनी वाचलं असतं आणि मला त्यांना तेवढा आनंद द्यायचा नव्हता. ते इथे आले होते, त्यांनी मुलाला पाहिलं, असं मी लिहिलं. खरं असं की हरी त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. आपण होऊन. त्यांनी लाकडी मोटार आणली होती, पण तिच्यासाठी नाही. त्यानं त्यांचा हात हातात घेतला, आपल्या हाताशी लावून पाहिला, आणि मला म्हणाला, "आई, बोटं सारखी." ते गेल्यावर दोन दिवस तो विचारत होता, परत कवा येणार. मी मोरीत जाऊन रडले. रागानं रडले की कशानं, हे मला अजून कळलेलं नाही.

म्हणूनच विष्णुपंतांचा रस्ता मला घेता आला नाही. नावाची गोष्ट होतीच. पण त्या मुलानं स्वतः बोटं लावून पाहिली आहेत. त्याला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते, की नाही, ती सारखी नाहीत?

निकाल सुट्टीनंतर आहे. तुम्ही कशा आहात ते कळवा. वाईला पोस्ट तुमच्या दाराशी येतं.

तुमची,
शरयू


सातारा,
ता. १८ जून १९४६

ती. वन्सं यांस सा. न.

तुमचं पत्र पोचलं. चार ओळींचं, पण तुमच्या अक्षरात. तुमचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. लग्नाआधी तुम्ही मराठी चौथीपर्यंत शिकला होतात हे त्या घरात मला कोणीच सांगितलं नव्हतं, तुम्हीसुद्धा.

काल निकाल लागला. शाळा उघडलेली, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. विष्णुपंत मागच्या बाकावर येऊन बसले होते, पक्षकार नसताना.

साहेबांनी इंग्रजीत वाचलं आणि मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं. हरी हा गोपाळकृष्ण केशव लिमये यांचा औरस मुलगा आहे, आणि मागच्या निकालात उलट म्हटलं असलं तरी या कोर्टासमोर आलेला पुरावा स्पष्ट आहे. बापाचा हक्क कायदा मानतो. पण ज्यानं सोयीसाठी मुलाला एकदा शपथेवर नाकारलं आणि सोयीसाठी पुन्हा मागितलं, आणि दोन्ही वेळा दोष घरातल्या बायकांवर ठेवला, त्याच्या हवाली करण्यात मुलाचं कल्याण दिसत नाही. ताबा आईकडे. बापानं साताऱ्यात येऊन मुलाला भेटावं. कोर्टाच्या परवानगीवाचून त्याला जिल्ह्याबाहेर नेऊ नये.

दोन्ही हातांत लाडू.

बाहेर आल्यावर विष्णुपंत म्हणाले, "शरयू, मी चुकलो." मी म्हटलं, "काका, पुस्तक तुमचंच होतं." त्यांनी पुस्तक परत घेतलं नाही. ते म्हणतात सांगलीकर हायकोर्टात जातील. जाऊ देत. मुंबईला मी कधी गेलेली नाही, त्या निमित्तानं बघेन. तिथले साहेब मराठी ऐकतात की नाही कोण जाणे. ऐकत नसतील तर इंग्रजी शिकेन, अजून वेळ आहे.

तुमचे बंधू पायऱ्यांवर उभे होते. मी स्वतः त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "रविवारी या. मुलगा वाट बघतो." त्यांनी तोंड फिरवलं. हरीला मी सांगितलं आहे की तुझे वडील येतील किंवा येणार नाहीत, ते त्यांनी ठरवायचं, तू नाही. आज सकाळी मी त्याच्या शाळेत गेले, मास्तरांना शिक्क्याचा कागद दाखवला, आणि रजिस्टरातलं पेन्सिलीचं नाव माझ्यासमोर शाईनं लिहवून घेतलं. मास्तर म्हणाले, "बाई, एवढी काय घाई होती?" मी म्हटलं, "सहा वर्षं झाली."

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलं आहे की दीर बोलत नाहीत पण जावा बोलतात, आणि तुम्हांला ओटीवर झोपायला जागा दिली आहे. आणि शेवटी लिहिलं आहे, "शरयू, मला क्षमा कर."

वन्सं, मी क्षमा केली असं लिहिलं असतं तर तुम्हांला बरं वाटलं असतं, आणि मी खोटं लिहिलं असतं. खोट्याचा या घराला कंटाळा आला आहे. एक्केचाळीस सालच्या त्या दिवशी मी पायऱ्या उतरले तेव्हा हरी माझ्या कडेवर होता, आणि रस्त्यातली दोन माणसं त्याच्याकडे पाहून काहीतरी बोलली. ते मी विसरलेले नाही. एप्रिलमध्ये तुम्ही जे बोललात तेही विसरलेले नाही. दोन्ही माझ्याजवळ आहेत. एकानं दुसरं पुसत नाही, पुसेल असंही मी म्हणत नाही. क्षमा यायची तेव्हा येईल. तोवर स्वयंपाक तर करता येईल.

तेव्हा इकडे या. विचारत नाही, सांगते आहे. खोली एकच आहे, पण मधे दोरीवर लुगडं टाकलं की दोन होतात. बनुबाई म्हणते, "त्यास्नी घिऊन या, मी बगते त्या गुडघ्याकडं." लोक म्हणतील, नवऱ्यानं टाकलेली भावजय आणि भावानं टाकलेली नणंद एका बिऱ्हाडात. म्हणू देत. आपण टाकलेल्या नाही, निघून आलेल्या आहोत, हे ज्यांना कळतं त्यांना कळेल. तुम्हांला मी फुकट ठेवणार नाही. माझ्या वर्गातल्या मोठ्या मुलींना शिवण शिकवायला कोणी नाही, आणि तुमचा टाका कसा असतो ते मला माहीत आहे. शाळेतल्या मोठ्या बाईंशी बोलून ठेवलं आहे. आणि कधी तुमचं-माझं भांडण झालं तर ते समोरासमोर होईल, शपथेवाचून.

दिरांना विचारू नका. निघते म्हणून सांगा आणि निघा. मोटार इथे थांबते तिथे मी हरीला घेऊन उभी राहीन. त्याला मी सांगितलं आहे की तुझी आत्या येणार. त्यानं विचारलं, किती दिवस राहणार? मी म्हटलं, ते आत्याला विचार, तिचं ती ठरवील.

तुमच्या भावाची बायको आणि तुमची भावजय,
हरीची आई,
शरयू गोपाळकृष्ण लिमये